विद्यापीठाचे नाव आणि विभागाचा लौकिक



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी सीमेवरच्या मुलांना पुढची वाट दाखविण्याचे काम आयुष्यभर केले. मुलगा अकरावीत गेला की त्याने कोणता विषय घ्यावा, आणि पदवी झाली की कोणत्या गावी जावे, याची चिंता ते पालकांच्याही आधी करीत. म्हणून मराठीचा प्राध्यापक असूनही आज साहित्यावर न बोलता त्यांच्या आवडीच्या प्रश्नावर बोलावे असे मी ठरविले. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी स्थान निवडताना विद्यापीठाच्या नावाकडे पाहावे, की आपल्या विषयाच्या विभागाच्या लौकिकाकडे? बोलण्याच्या ओघात जे सुटते ते लेखात सावरता येते, म्हणून पुस्तिकेसाठी ते येथे थोडे विस्ताराने मांडतो.

प्रश्न समजण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. पांढुर्णा आणि सौंसरच्या बागांतली संत्री देशभरच्या बाजारांत ‘नागपुरी संत्री’ म्हणून विकली जातात. लांबच्या शहरातला गिऱ्हाईक नाव पाहून ती घेतो आणि बहुधा फसतही नाही. पण आंबिया बहाराचा सौदा करायला येणारा व्यापारी नावावर समाधान मानत नाही. तो बागेत उतरतो, झाडाचे वय विचारतो, पाण्याची सोय पाहतो, एखादे फळ सोलून चाखतो आणि मग बोली करतो. ‘नागपुरी’ हे नाव खोटे नाही. परंतु त्या एका नावाखाली उत्तम बागाही आहेत आणि डिंक्याने पोखरलेल्या बागाही आहेत. विद्यापीठाचे नाव हे बाजारातले नाव होय; विभाग ही बाग होय. विद्यार्थी जेव्हा दोन वर्षांसाठी किंवा संशोधनाच्या पाच-सहा वर्षांसाठी कोठे जातो, तेव्हा तो गिऱ्हाईक असतो की व्यापारी, एवढेच ठरवायचे आहे.

आपल्या प्रदेशाचा इतिहासच असा, की हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा अधिक पडतो. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा आपण मध्यप्रांतात होतो आणि नागपूर ही आपली राजधानी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. आपण मध्यप्रदेशातच राहिलो. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये दीर्घ काळ सागर विद्यापीठाला जोडलेली होती. २००९ मध्ये सागरचे विद्यापीठ केंद्रीय झाले. २०१९ मध्ये छिंदवाड्याला स्वतंत्र विद्यापीठ निघाले, त्याला आज राजा शंकर शाह यांचे नाव आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. घरची भाषा मराठी, दाखला मध्यप्रदेशचा, बाजार नागपूरचा आणि पदवी सागरची, अशी आपल्या कित्येक पिढ्यांची स्थिती राहिली. अशा माणसाला ‘आपले विद्यापीठ’ आपोआप मिळत नाही; ते निवडावेच लागते.

निवडीचा एक उत्तम धडा सागरनेच घालून दिला आहे. डॉ. हरिसिंह गौर हे सागरचे सुपुत्र. ते नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात शिकले, केंब्रिजला गेले, नामांकित कायदेपंडित झाले, दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आणि पुढे नागपूर विद्यापीठाचेही कुलगुरू झाले. १९४६ मध्ये त्यांनी स्वतःच्या कमाईतून सागरला विद्यापीठ उभारले. आरंभी त्याला धड इमारत नव्हती. मकरोनियातील जुन्या लष्करी बराकींत वर्ग भरत. कलकत्ता, मुंबई, अलाहाबाद यांच्यापुढे सागरचे नाव ते काय असणार? तरीही पुढच्या दोन दशकांत तेथे असे विभाग उभे राहिले, की त्यांच्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी या आडगावी येऊ लागले. ‘इंडियन व्हिलेज’ या ग्रंथाने ख्यात झालेले श्यामाचरण दुबे तेथे मानवशास्त्र शिकवीत. नंददुलारे वाजपेयी हिंदी विभागाचे प्रमुख होते. गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक विज्ञान हा देशात तेव्हा नवा असलेला विषयही सागरने लवकर हाती घेतला.

या सर्वांत आपल्याशी अगदी थेट नाते सांगणारा विभाग भूशास्त्राचा. सौंसर हे नाव आपल्याला तालुक्याचे म्हणून ठाऊक आहे. जगातल्या भूशास्त्रज्ञांना ते खडकांचे नाव म्हणून ठाऊक आहे. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट या भागांतून गेलेल्या, मँगनीजच्या साठ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या पुरातन रूपांतरित खडकांच्या पट्ट्याला भूशास्त्राच्या ग्रंथांत ‘सौंसर समूह’ म्हणतात. या खडकांची गुंतागुंतीची रचना उलगडणाऱ्यांत विल्यम डिक्सन वेस्ट यांचे नाव अग्रभागी येते. रामटेकच्या पलीकडे देवलापारच्या परिसरात खडकांचे थर एकमेकांवर घडी पडून कसे सरकले आहेत, हे त्यांनी १९३० च्या दशकात दाखविले. पुढे ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे संचालक झाले, आणि तेथून निवृत्त झाल्यावर त्यांनी विलायतेची किंवा महानगराची वाट न धरता सागरच्या विद्यापीठात प्राध्यापकी पत्करली. त्यांच्या काळात तो विभाग देशातल्या अग्रगण्य विभागांत गणला गेला, आणि १९६० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने निवडक विभागांना प्रगत अध्ययन केंद्राचा दर्जा दिला त्यांत सागरचे भूशास्त्र होते.

कल्पना करा, त्या काळी सौंसरचा एखादा मुलगा बी.एस्सी. होऊन भूशास्त्रात पुढे जाऊ इच्छीत आहे. नातेवाईक सांगणार, मुंबईला जा, कलकत्त्याला जा, सागरचे नाव कोण विचारतो? आणि त्याच्या स्वतःच्या तालुक्याच्या नावाचे खडक ज्याने वाचले, तो माणूस सागरला बसलेला! विषय जाणणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक होती. विषय न जाणणाऱ्याला फक्त शहराचे नाव ठाऊक होते. विद्यापीठाची प्रतिष्ठा आणि विभागाचा लौकिक यांतला सारा फरक या एका उदाहरणात आहे.

महाराष्ट्रातही अशी उदाहरणे आहेत. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हा ते विद्यापीठ नव्हते. अभिमत विद्यापीठाचा दर्जा त्याला १९९० मध्ये मिळाला. मधल्या अर्धशतकात तेथे हसमुख सांकलिया यांनी पुरातत्त्वाची, सु. मं. कत्रे यांनी भाषाशास्त्राची आणि इरावती कर्वे यांनी समाजशास्त्र-मानवशास्त्राची परंपरा उभी केली. पदवीपत्रावर दुसऱ्या विद्यापीठाचे नाव असे, पण पुरातत्त्वाच्या जगात ‘तुम्ही डेक्कनचे का?’ एवढाच प्रश्न विचारला जाई. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ मध्ये निघाला. उद्योगक्षेत्रात त्याचे आद्याक्षरांचे नाव मूळ विद्यापीठाच्या नावापेक्षा मोठे झाले आणि २००८ मध्ये तो स्वतःच अभिमत विद्यापीठ झाला. नागपूरला कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये निघालेली तंत्रज्ञान संस्था दीर्घ काळ नागपूर विद्यापीठाचा भाग होती. तीही अलीकडे स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे. फळ झाडापेक्षा मोठे होणे निसर्गात घडत नाही. विद्याक्षेत्रात ते घडते.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग विद्यापीठाच्या नावाला अर्थच नाही. तसे मुळीच नाही. विद्यापीठाचे नाव चार गोष्टी देते आणि त्या चारही खऱ्या आहेत. पहिली, मोठे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि वसतिगृह. दुसरी, इतर विषयांच्या हुशार विद्यार्थ्यांचा सहवास. साहित्याचा विद्यार्थी इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांत राहून जे शिकतो ते अभ्यासक्रमात नसते. तिसरी, विषय बदलण्याची मोकळीक. एका विभागात मन रमले नाही तर शेजारी दुसरा असतो. चौथी, ज्यांना आपला विषय कळत नाही त्यांच्यापुढे पत. बँकेत नोकरी देणारा, कंपनीत मुलाखत घेणारा किंवा गावात विचारपूस करणारा माणूस ‘तुमच्या विभागात मध्ययुगीन वाङ्मय कोण शिकवितो?’ असे विचारीत नाही. तो विद्यापीठाचे नाव ऐकतो आणि मान डोलावतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी एक प्रश्न आधी विचारायला सांगत आलो : तुमची पदवी पुढे कोण वाचणार आहे? स्पर्धापरीक्षा द्यायची असेल तर मान्यताप्राप्त विद्यापीठांची पदवी पात्रतेसाठी सारखीच धरली जाते. तेथे विभागाच्या लौकिकासाठी घरदार सोडून दूर जाण्यात अर्थ नाही, चांगले ग्रंथालय आणि परवडणारे राहणे महत्त्वाचे. खाजगी क्षेत्रात विषयाबाहेरची नोकरी करायची असेल तर विद्यापीठाचे नाव उपयोगी पडते. परंतु ज्याला त्याच विषयात अध्यापन, संशोधन किंवा तज्ज्ञाचे काम करायचे आहे, त्याची पदवी विषयातले लोकच वाचतात, आणि ते आधी विभाग पाहतात, मग मार्गदर्शक पाहतात, विद्यापीठाचे नाव शेवटी पाहतात. निवड समित्यांवर मी अनेक वर्षे बसलो. उमेदवाराने ‘माझा प्रबंध अमुकांच्या मार्गदर्शनाखाली झाला’ असे म्हटले की जाणकार सदस्य सरसावून बसतात, आणि नुसते विद्यापीठाचे नाव सांगितले की ‘विषय काय होता?’ असे विचारतात. हा अनुभव प्रत्येक निवड समितीला आहे.

आता क्रमवारीविषयी. २०१६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी दरवर्षी प्रसिद्ध होते आणि पालक तिच्याकडे पंचांगासारखे पाहू लागले आहेत. ती उपयुक्त आहे, परंतु तिचा हिशोब समजून घ्यावा. अध्यापन व साधनसामग्रीला ३०, संशोधनाला ३०, विद्यार्थ्यांच्या निष्पत्तीला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि जनमानसातील प्रतिमेला १० असे शंभर गुण आहेत. हे गुण संपूर्ण विद्यापीठाला मिळतात. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, विधी अशा काही शाखांची क्रमवारी वेगळी लागते. मराठीची, इतिहासाची किंवा भूशास्त्राची लागत नाही. नॅकची श्रेणीही समग्र संस्थेची असते. म्हणजे ज्या विद्यार्थ्याला मराठीत एम.ए. करायचे आहे त्याला ही क्रमवारी विद्यापीठाच्या प्रकृतीविषयी सांगेल. मराठी विभागाची नाडी तिच्यात सापडणार नाही. वरची श्रेणी असलेल्या विद्यापीठातही एखाद्या विभागात निम्म्या जागा रिक्त असू शकतात, आणि तेथे तासिका तत्त्वावरचे अध्यापक सारा भार वाहत असतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी ही अवस्था.

उलट बाजूही पाहू. विभागाचा लौकिकही डोळे झाकून घेण्याची वस्तू नव्हे, कारण लौकिक नेहमी मागून येतो. शिक्षक आज जे काम करतो त्याची कीर्ती दहा वर्षांनी पसरते, आणि तो निवृत्त झाल्यावरही ती आणखी दहा वर्षे टिकते. आपण ज्या विभागाची ख्याती ऐकतो, ती पुष्कळदा मागच्या पिढीने कमावून ठेवलेली मिळकत असते. बागेतली झाडे म्हातारी झाली तरी बाजारात बागेचे नाव काही काळ चालते, तसेच हे. दुसरे असे, की एका व्यक्तीच्या बळावर उभा राहिलेला विभाग त्या व्यक्तीबरोबर खाली येतो. श्यामाचरण दुबे पुढे सिमल्याच्या उच्च अध्ययन संस्थेचे संचालक झाले. थोर माणसे एका जागी बांधली जात नाहीत. ज्या विभागात तीन-चार चांगले शिक्षक भिन्न वयांचे असतात, तोच विभाग विद्यार्थ्याच्या सबंध शिक्षणकाळात भरवशाचा ठरतो.

मग विभाग पारखावा कसा? मी सहा गोष्टी सांगतो. त्यांपैकी एकीलाही पैसे पडत नाहीत.

पहिली : आज प्रत्यक्ष कोण शिकवितो? मंजूर पदे किती, भरलेली किती, हे विचारावे. दूरध्वनी करण्यात किंवा पत्र लिहिण्यात लाज नाही.

दुसरी : तेथील प्रबंध वाचावेत. देशातील विद्यापीठांचे प्रबंध आता ‘शोधगंगा’ या संग्रहात घरबसल्या पाहता येतात. आपल्याला ज्या शिक्षकाकडे जायचे आहे त्याच्या विद्यार्थ्यांचे दोन प्रबंध उघडावेत. प्रस्तावना आणि संदर्भसूची एवढे वाचले तरी शिक्षकाचे पाणी कळते.

तिसरी : गेल्या पाच वर्षांचे विद्यार्थी आज कोठे आहेत? विभागाच्या भिंतीवरील फलकापेक्षा हे विद्यार्थी खरे बोलतात.

चौथी : विभागाचा ग्रंथसंग्रह आणि नियतकालिके चालू आहेत की कपाटांना कुलूप आहे? शक्य असल्यास एक दिवस जाऊन पाहावे. पांढुर्ण्याहून सकाळची गाडी धरली तर नागपूरचा विभाग पाहून रात्री घरी परत येता येते.

पाचवी : संशोधनासाठी जात असाल तर मार्गदर्शकाची सेवा किती उरली आहे? २०२२ च्या नियमांप्रमाणे निवृत्तीला तीन वर्षांहून कमी अवधी असलेल्या शिक्षकाला नवा संशोधक विद्यार्थी घेता येत नाही. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, अशी मर्यादा आहे. नामवंत मार्गदर्शकाकडे जागाच नसेल तर त्या नावाचा आपल्याला उपयोग नाही.

सहावी : आपला विशिष्ट विषय तेथे आहे का? मराठी विभाग मोठा असेल, पण तेथे सर्वजण आधुनिक कादंबरीवर काम करीत असतील आणि तुम्हाला सीमेवरच्या बोलीचा अभ्यास करायचा असेल, तर तो विभाग थोर असूनही तुमचा नव्हे.

या सहाव्या मुद्द्यावर मराठीचेच उदाहरण देतो. महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास करायचा असेल तर नागपूरची परंपरा फार मोठी आहे. डॉ. वि. भि. कोलते यांनी त्या क्षेत्रात जन्मभर काम केले. त्यांनी संपादिलेले ‘लीळाचरित्र’ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले आहे. त्या विद्यापीठाला अद्याप प्रतिष्ठा नाही, असणारही नाही. ते कालचे आहे. पण सागरही १९४६ मध्ये कालचेच होते. तेथे कोणते अध्यापक येतात, ग्रंथालय कसे उभे राहते, हे आपल्या मुलांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे. नवे विद्यापीठ नावासाठी निवडता येत नाही, माणसांसाठी निवडता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दर्जाला अर्थ येणार आहे तो विभागांतून, फलकांतून नव्हे.

सीमेवरच्या विद्यार्थ्याने आणखी तीन गोष्टींचा हिशोब करायलाच हवा. एक, मध्यप्रदेशच्या दाखल्यावरचे आरक्षण महाराष्ट्राच्या राज्य विद्यापीठात त्याच स्वरूपात मिळत नाही. केंद्रीय विद्यापीठात मात्र केंद्राची सूची लागू होते. सागर आज केंद्रीय आहे आणि तेथील पदव्युत्तर प्रवेश अखिल भारतीय सामायिक परीक्षेतून होतात, हे ध्यानात ठेवावे. दोन, अध्यापकाच्या पात्रतेसाठी राज्याची सेट परीक्षा त्या राज्यापुरती चालते, नेट देशभर चालते. ज्याचे घर एका राज्यात आणि शिक्षण दुसऱ्या राज्यात, त्याने नेटचीच तयारी करणे शहाणपणाचे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून ती दरमहा ३७,००० रुपये आहे. तिच्या बळावर विद्यार्थी विभाग स्वतः निवडू शकतो, घरच्यांच्या ऐपतीने त्याचा विभाग ठरत नाही. तीन, खर्च. उत्तम विभागात दोन वर्षे अर्धपोटी राहून शिकण्यापेक्षा मध्यम विभागात निश्चिंत मनाने शिकणे कित्येकदा अधिक फळते. मुलींच्या बाबतीत वसतिगृहाच्या प्रश्नावर निर्णय अडतो. पालकांना माझी विनंती आहे, की वसतिगृह नाही म्हणून मुलीचे शिक्षण थांबविण्याआधी वसतिगृह असलेला दुसरा चांगला विभाग शोधावा. तो बहुधा सापडतो.

गेल्या वर्षी या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने मला विचारले, की त्याच्या मुलीला दोन ठिकाणी प्रवेश मिळतो आहे : एकीकडे मोठे विद्यापीठ आणि विषयाचा दुबळा विभाग, दुसरीकडे लहान विद्यापीठ आणि सजीव विभाग. कोठे पाठवू? मी त्याला विचारले, मुलीला या विषयात पुढे संशोधन करायचे आहे का? तो म्हणाला, तिचे अजून ठरलेले नाही. तेव्हा मी सांगितले, की एम.ए.साठी मोठ्या विद्यापीठात पाठव. तिथे तिला आपले मन कळायला वाव आहे. विषय पटला नाही तर दुसरी दारे उघडी आहेत. दोन वर्षांनी विषय पटला तर पीएच.डी.साठी सजीव विभाग आणि योग्य मार्गदर्शक शोधू, मग ते गाव कितीही लहान असो. ती मोठ्या विद्यापीठात गेली. तिचे उत्तर काय निघेल ते अजून तिलाही ठाऊक नाही, आणि या वयात ते ठाऊक असण्याची सक्तीही नाही.

या सल्ल्यातच माझ्या साऱ्या विवेचनाचे सार आहे. मन ठरले नसेल तोवर विद्यापीठाची रुंदी कामाला येते. मन ठरले की विभागाची खोली हवी. आणि संशोधनाला उभे राहिलात की माणूस हवा. रुंदी नावावरून कळते. खोली पारखूनच कळते. माणूस त्याच्या विद्यार्थ्यांच्या कामावरून कळतो.

गुरुजींच्या काळात ही पारख करणारे गावात एक-दोघेच होते, आणि सगळे त्यांच्याकडे जात. आज या सभागृहात नागपूर, सागर, पुणे, भोपाळ अशा अनेक विद्यापीठांत शिकून आलेले माजी विद्यार्थी बसले आहेत. प्रत्येकाला आपापल्या विभागाचे खरे स्वरूप ठाऊक आहे. शाळेने एक वही ठेवावी आणि प्रत्येकाने तीत आपल्या विभागाविषयी एक पान प्रामाणिकपणे लिहावे : कोण शिकवीत होते, काय मिळाले, काय मिळाले नाही. दरवर्षी नव्या मुलांनी ती वही वाचावी. कोणत्याही सरकारी क्रमवारीत जे सापडणार नाही ते पांढुर्णा-सौंसरच्या मुलांना आपल्या शाळेच्या कपाटात सापडेल. गुरुजींच्या स्मृतीला याहून शोभेसे दुसरे स्मारक मला सुचत नाही.